पाळण्यासाठी झालेली लेक

चहाचा कप जरा खाली ठेवा. मागच्या बारीला मी हे सांगत होतो तवा आमच्या साडूच्या नाकातून चहा आलता आन त्याचा पांढरा सदरा कायमचा गेला. म्हणून आधीच बजावतो.

आता माणसानं आपली फजिती आपणच सांगावी का? तर सांगावी! कारण मी न्हाई सांगितली तर गाव सांगतंय, आन गाव सांगतंय त्यात लई भर असती. गाव म्हणतंय, दत्ता सरूआक्काच्या पाया पडून ढसाढसा रडला. साफ खोटं! पाया पडलो, कबूल. रडलो न्हाई. डोळ्यात धूळ गेलती.

तर असं बघा. पालीला रस्त्याच्या कडंला माझं मोटरी भरायचं दुकान हाय. म्हंजी कुणाची विहिरीवरली मोटर जळाली, की तिचं पोट फाडायचं, जळकी तार काढायची, नवी भरून द्यायची. गाव आमचं तिथून आत, आडरानात. घरात मी, माय, आन बायको अश्विनी. वडलांना मी दादा म्हणतो, ते ऊसतोडीला गेलते कारखान्यावर. माय दरसाल त्यांच्या संगं जायची, पण यंदा लेकरू येणार म्हणून घरी थांबली होती. अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पाटोद्याच्या अलीकडं. आठवा चालू होता तिला.

आन मी? मला दम निघत न्हाई. हा माझा जन्माचा रोग हाय. चुलीवर भात ठेवला तर शिजंस्तोवर चार वेळा झाकण काढणारा माणूस मी. माय म्हणती, "ह्याला पोटातबी दम निघाला न्हाई. दवाखान्यात जाऊस्तोवर थांबायचं, तर फडातच आला."

ते मात्र खरं हाय. माझा जन्म उसाच्या फडात झाला, बैलगाडीच्या सावलीला. दोन महिन्याचा होतो तवा माय गाडीखाली लुगड्याची झोळी बांधायची, मला तिच्यात टाकायची आन मोळ्या बांधायला जायची. दीड-दोन वर्षाचा होईपर्यंत मी त्या झोळीत होतो. पाळणा काय असतो ते मला दुसऱ्याच्या घरात बघून कळलं. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो, पण मनात सलत होतं बरं का. अश्विनीला दिवस गेले त्याच दिवशी मी ठरवून टाकलं. काय व्हायचं ते होवो, माझं लेकरू झोळीत न्हाई झोपणार. पाळण्यात झोपणार.

लगीच बीडला दुकानात गेलतो. काय पाळणा होता महाराजा! बटन दाबलं की आपोआप हलतोय, वर चिमण्या फिरतायत, गाणं वाजतंय. मी किंमत विचारली. दुकानदारानं सांगितली. मी म्हणलं, "ह्यात लेकरूबी संगंच येतंय का?" तो काई हसला न्हाई. मी बाहेर येऊन पाणी पिलो.

मग म्हणलं, आपण कारागीर माणूस, आपणच बनवू. जुन्या मोटरीचं लोखंडी अंग, दोन पट्ट्या, चार नटबोल्ट. आठ दिवस खपलो. मायनं बघितलं, हाताला गंज लागला तो पदराला पुसला आन विचारलं, "ह्यात काय लेकरू घालायचं, का कांदे?" सध्या त्यात कांदेच हायेत.

बाकीची तयारी मात्र सगळी घरातली, बिनखर्ची. मायनं तिची जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. दादाच्या धोतराचे लंगोट केले. झबली-टोपडी गावातून गोळा केली, कारण आमच्याकडं बाळाला पहिलं अंगडं जुनंच घालत्यात, तेबी कुणाच्या गुटगुटीत लेकराचं. डिंक आणला, खारीक आणली, बाळंतशोपा आणल्या. मी रोज सकाळी ते गाठोडं सोडून मोजायचो आन परत बांधायचो. माय वैतागली. "आरं, लंगोट काय रातीत पिल्लं देत न्हाईत! ठिव ते."

राह्यला फक्त पाळणा. आन गावात पाळणा एकच. सरूआक्काचा.

सरूआक्का म्हंजी गावची म्हातारी. पहिल्यापासून बाळंतपणं केलेली. तिच्या हातावर आख्खं गाव जन्मलं, आम्ही फडातले सोडून. तिच्याकडं सागवानी पाळणा हाय, चारी कोपऱ्याला पितळंचे घुंगरू. त्यात झोपलेलं लेकरू आजारी पडत न्हाई, किरकिर करत न्हाई, असं सारं गाव मानतं. तो घरोघर फिरतो, पैसा न पाणी. पण त्याचा कायदा कडक! पोटातल्या लेकरासाठी पाळणा मागायचा न्हाई. लेकरू जन्मलं की मगच आक्का देती. आन पाळणा रिकामा कधी ठेवायचा न्हाई की न्यायचा न्हाई. लेकरू नसंल तवा त्यात वरवंटा. होय, मसाला वाटायचा दगडी वरवंटा! दुपट्यात गुंडाळून, टोपडं घालून ठेवलेला. आपल्या बारशात नसतो का, लेकराच्या आधी पाळण्यात घालत्यात, तोच.

आता तुमी म्हणताल, कायदा माहीत होता तर गेलास कावून? आवं, दम! दम कुठाय मला? म्हणलं, नुसतं जाऊन बघू. शब्द टाकून ठेवू.

सकाळची येळ. आक्का अंगणात तुरी झोडपत होती. ओसरीत पाळणा टांगलेला, आत वरवंटा निवांत झोपलेला.

"आक्का, काय म्हणतीस? पाळणा बसूनच हाय वाटतं सध्या."

"तुह्या पोटात काय हाय ते कळलं मला," आक्का मान वर न करता म्हणाली. "बायकूला महिना हाय अजून. चहा पी आन घरी जा."

मी चहाच पीत होतो. चहा पिऊन गेलोच असतो. देवाशपथ! पण तेवढ्यात दारात जीप थांबली आन मालकीणबाई उतरल्या. मालकीणबाई म्हंजी आबासाहेबांच्या बायको. आबासाहेब म्हंजी गावातली निम्मी जमीन, पंचायत समिती, दारात जीप, ट्रॅक्टर, सगळं. बाई मनानं लई चांगल्या, पण पाळणे दहा विकत घेतील असं घर, आन त्या आल्या सरूआक्काच्या पाळण्याला.

"सरूआक्का, सूनबाईचे दिवस भरले बगा. आज-उद्याचं काम हाय. पाळणा आमच्या नावानं धरून ठेवा."

"धरून ठेवायचं न्हाई, मालकीणबाई," आक्का म्हणाली. "जिथं लेकरू आधी, तिथं पाळणा आधी."

आज-उद्या! म्हंजी पाळणा बंगल्यावर जाणार, लेकरू बसायला लागंस्तोवर तिथंच ऱ्हाणार, आन माझं लेकरू? झोळीत! मला ती बैलगाडीच दिसायला लागली डोळ्यापुढं. काय झालं, कसं झालं मला माहीत न्हाई. कप खाली ठेवला आन तोंडातून निघून गेलं.

"आमच्याकडं झालं की!"

आक्काच्या हातातली काठी थांबली.

"कवा?"

"आज सकाळी. पाटोद्याहून निरोप आला."

"आठव्यातच?"

"घाईला आली," मी म्हणलं.

"आली? म्हंजी पोरगी?"

बघा, एकदा खोटं सुरू केलं की पुढचं आपोआप निघतंय. मी मान हलवली. आक्का उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तुह्यावरच गेली रं बाबा! तिलाबी दम निघाला न्हाई!"

डोक्यात काय बेत होता म्हणता? काई नव्हता. मला वाटलं पाळणा डोक्यावर घेऊन गपचूप घरी जावं, मायच्या कानात खरं सांगावं आन महिनाभर कडी लावून बसावं. पण सरूआक्काचा पाळणा एकटा जातो का कुठं? आक्कानं वरवंटा छातीशी धरला, पदर झाकला. मालकीणबाई म्हणाल्या, मीबी येती. शेजारच्या चार बायका हळद-कुंकू घेऊन निघाल्या. पुढं मी, डोक्यावर पाळणा, घुंगरू वाजतायत. मागं आख्खी मिरवणूक. घर दिसलं तवा कळलं की खबर आपल्या पुढं पोचलीय, कारण दारात माय उभी होती. एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या, आन डोळ्यातून धारा.

"माझी नात आली! माझी नात आली!"

मी मायला डोळ्यानं खूण केली. न्हाई न्हाई म्हणून बारीकशी मान हलवली. माय म्हणाली, "आरं, डोळ्यात काय गेलं तुह्या?" आन सगळ्यांच्या देखत पदराचं टोक माझ्या डोळ्यात घातलं.

माझ्या मायला लेकीची लई हौस. तिला आम्ही तिघं भाऊच. त्या बाईचं तोंड एवढं फुललेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी म्हणलं, थांब, बायका जाऊ दे, मग सांगतो. पण बायका जातील तर ना! आन तिकडं मायनं दादाला फोनबी लावला.

"आवं, नात झाली तुमाला!"

फोनमधून टोळीचा आरडाओरडा ऐकू आला. मी फोन हिसकला. "दादा, ऐका, थोडं थांबा…"

"थांबायचं काय त्यात! सगळ्या टोळीला चहा पाजतो आज!" आन फोन बंद.

तेवढ्यात आल्या सुनीताताई. आमच्या गावच्या आशाताई. अश्विनीचं कार्ड त्यांनीच काढलेलं, गोळ्या त्यांनीच दिलेल्या. त्यांच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं.

"दत्ताभाऊ, आठव्यात झालं? कुठं? दवाखान्यात का घरी?"

"घरी… म्हंजी… घरीच."

"वजन किती?"

मला मोटरीचं वजन सांगता येतंय, लेकराचं कुठलं येतंय?

"चार किलो."

"आठव्या महिन्यात चार किलो?"

"मग तीन असंल."

"नक्की सांगा!"

"ताई, काटा खराब होता."

"रडलं का? दूध पिलं का?"

"रडलं… पिलं… दोन्ही केलं."

ताईंनी अश्विनीला फोन लावला. लागंना. लागणार कसा? माझ्या सासऱ्याच्या घरात रेंज न्हाई. बोलायचं तर गच्चीवर जावं लागतंय, आन आठव्या महिन्यात जिना चढायचा न्हाई म्हणून सासूबाईनं अश्विनीला बजावलेलं. ताईंचं तोंड उतरलं. "दिवसाआधीचं लेकरू, घरचं बाळंतपण, वजन माहीत न्हाई. मी ॲम्ब्युलन्सला फोन करते. लेकराला लगीच दवाखान्यात न्यावं लागंल."

आता सांगायचं होतं. हीच येळ होती. मी तोंड उघडलंबी. पण माय मटकन खाली बसली, "माझ्या नातीला काई झालं न्हाई ना?" म्हणून, आन मालकीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उठा बाई, माझी जीप घ्या, आत्ताच्या आत्ता पाटोद्याला जा. लक्ष्मी आलीया, तिला काई व्हत न्हाई." मी जिच्या सुनंचा पाळणा चोरला, ती बाई मला जीप देत होती! जमीन दुभंगली असती तर मी वरवंट्यासकट आत गेलो असतो.

"मी गाडीवर पुढं होतो!" एवढंच बोललो आन पळालो.

बेत एकच. जीपच्या आधी पोचायचं, अश्विनीला सांगायचं, आन… आन काय? तिला काय सांगायचं, लवकर बाळंत हो? पण बसून ऱ्हाणं होईना. मांजरसुंब्याच्या अलीकडं कपिलधारच्या देवस्थानाचा फाटा आला, तिथं गाडी थांबवली, डोंगराकडं तोंड करून हात जोडले. "देवा, तोंडातून गेलेलं खरं कर! आज लेकरू होऊ दे!" गाडीला किक मारली आन अंगावर काटाच आला. पुन्हा उतरलो. पुन्हा हात जोडले. "देवा, नगं, नगं! आठवा महिना हाय! काई खरं करू नको! तू ऐकलंच न्हाई समज!"

असे दोन नवस एकाच ठिकाणी फिरवून मी निघालो, तर घाटात गाडी घर्र घर्र करून बंद पडली. पेट्रोल संपलं. सकाळपासून रिझर्व्हला होती, मला माहीत होतं, पण सारं पाळण्याच्या नादात. दुनियेच्या मोटरी दुरुस्त करणारा मी, रस्त्याच्या कडंला गाडी आडवी करून टाकी हलवत उभा. तेवढ्यात मागून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स गेली. तिच्या मागून जीप. जीपमधी माय, सरूआक्का, सुनीताताई आन बायका. मांडीवर लंगोटाचं गाठोडं, डिंकाचे लाडू. बायका पाळणा म्हणत होत्या. त्यांनी मला हात केला. मीबी केला. काय करणार?

कुणाकडून तरी बाटलीभर पेट्रोल घेऊन मी पोचलो तवा सगळा बाजार भरला होता. सासऱ्याच्या अंगणात ॲम्ब्युलन्स, दार उघडं. बायका गोल करून उभ्या. आन मधी बाजंवर अश्विनी, मांडीत हरभऱ्याचा टहाळ, एक घाटा सोलून तोंडात टाकायच्या बेतात. पोट हे एवढं. ॲम्ब्युलन्सचा डायवर माझ्याकडं बघून म्हणाला, "काय बे, पेशंट कुठाय?"

अश्विनीनं घाटा खाली ठेवला.

"आवं, मला लेकरू झालं म्हणं? कवा झालं? मी कुठं गेलते तवा?"

सासूबाई, सासरे, सुनीताताई, सगळे माझ्याकडं. मी मायकडं बघायचं टाळलं आन सगळं सांगून टाकलं. पाळणा, मालकीणबाई, आज-उद्या, खोटं. एका दमात, सरूआक्काच्या पाया पडून. शेवटी म्हणलं, "मला फकस्त पाळणा पायजे होता. मी झोळीत वाढलो, माझं लेकरू झोळीत नगं म्हणून."

सुनीताताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, खऱ्या लेकरासाठी गाडी लागली असती तर?" त्या खऱ्या होत्या.

अश्विनी म्हणाली, "आवं, पण मी बाळंत होऊन सव्वा महिना हितंच ऱ्हाणार. पाळणा आत्ता घरी नेऊन त्यात कुणाला झोपवणार व्हता? तुमी झोपणार व्हता का?"

घ्या! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर बाकी, वर सव्वा महिना. सव्वादोन महिने आधी मी पाळण्यासाठी खोटं बोललो होतो.

सगळे हसले. सरूआक्का तर बाजंला धरून हसत होती. माय हसली न्हाई. गाठोडं छातीशी धरून ती माझ्याजवळ आली.

"झोळीत वाढलास ते कमी वाढलास का रं? मोळी बांधून पळत यायची मी, झोका देऊन परत पळत जायची. पायाला दोरी बांधून झोका दिलाय तुला. आन तुला तिची लाज वाटती?"

"लाज न्हाई माय…"

"मग काय?"

मी बाहीनं डोळे पुसले. तीच ती धूळ, जी डोळ्यात गेलती म्हणून सांगितलं. घाटातली धूळ असंल.

तेवढ्यात जीपच्या डायवरचा फोन वाजला. गच्चीवर जायची गरज न्हाई पडली, तो रस्त्यावर उभा होता. मालकीणबाईंच्या सुनंला कळा सुरू झाल्या होत्या. आन जीप कुठं? पाटोद्याला, माझ्या लेकरासाठी! ॲम्ब्युलन्सवाल्यानं दार आपटलं. "आलोच हाय तर खऱ्या पेशंटला तरी नेतो," म्हणाला आन सुसाट गेला. सुनीताताई त्याच गाडीत. तिकडून आबासाहेब कुणाची तरी गाडी घेऊन सुनंसंगं निघाले होते, ते निम्म्या वाटंत ॲम्ब्युलन्सला भेटले, सून वेळंत दवाखान्यात पोचली. दुपारी पोरगा झाला. बाळ-बाळंतीण खुशाल. ही खबर येऊस्तोवर मी देवाला तिसरा नवस बोललो होतो, तेवढा एक न फिरवता.

दुसऱ्या दिवशी आक्कानं हुकूम सोडला. "ज्या डोक्यानं आणला, त्याच डोक्यानं पोचव." पुन्हा पाळणा डोक्यावर, पुन्हा घुंगरू, आन ह्या बारीला रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाव. बंगल्याच्या पायरीवर मालकीणबाई उभ्या. मी म्हणलं, "बाई, चुकलं." त्यांनी आत जाऊन दोन पेढे आणले, हातावर ठेवले आन म्हणाल्या, "एक तुला. एक तुह्या लेकीला. ती कवा येईल तवा दे." आन दार लावून आतमधी एवढ्या हसल्या की मला बाहेर ऐकू आलं.

महिन्यानं मला खरंच लेक झाली. नेमकी पोरगीच! मी दवाखान्याच्या बाहेरून पहिला फोन मायला केला.

"माय, झालं! पोरगी झाली!"

"मागच्या महिन्यात झाली ती, का दुसरी?"

"माय, शप्पथ!"

"शपथा घेऊ नको. अश्विनीच्या आईला दे फोन."

दादाला केला. दादा म्हणाले, "दत्ता, टोळी म्हणती आता चहा न्हाई प्यायचा. आधी पोरगी बघायची." सुनीताताईंना केला. त्या म्हणाल्या, "वजन किती? आन ह्या बारीला काटा बरा हाय ना?" माझ्या लेकीच्या जन्मावर विश्वास बसायला गावाला पाच फोटो लागले.

सव्वा महिन्यानं अश्विनी लेकीला घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी दारात जीप. मालकीणबाईंनी सरूआक्काचा पाळणा पाठवला होता. निरोप असा, की आमच्या नातवाला विकतचाच आवडतो, गाणं म्हणणारा, आन पाळणा धाकट्या लेकराच्या घरी शोभतो. मी स्वतः आढ्याला दोर बांधले. चार वेळा ओढून बघितले. मऊ गादी टाकली. घुंगरू चिंच लावून घासले. आक्कानं आधी वरवंटा ठेवला, काढला, मग माझी लेक ठेवली.

लेकीनं एकदा डोळे उघडून वर बघितलं, आन जी किंचाळली!

झोका दिला, किंचाळली. जोरात दिला, जास्त किंचाळली. अंगाई म्हणली तर आक्काबी कानावर हात ठेवून बाहेर गेली. "सारं गाव ह्यात झोपलं," म्हणाली, "अशी पोरगी न्हाई बघितली." दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी माय गपचूप उठली. ट्रंकेतून एक विटकं लुगडं काढलं, दाराच्या चौकटीला दोन गाठी मारल्या, लेकीला उचललं आन आत टाकलं. एक झोका. लेक झोपली. घोरायलाबी लागली.

मायनं माझ्याकडं बघितलं. दोरीचं एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आन भाकरी थापायला गेली.

आता पाळणा परत करावा, पण बंगल्यावरला नातू सोडता गावात सध्या दुसरं तान्हं लेकरू न्हाई. आन रिकामा ठेवायचा न्हाई, हा आक्काचा कायदा. म्हणून आमच्या घरी सध्या अशी यवस्था हाय. लेक झोळीत. मी खाली जमिनीवर, पायाला दोरी. आन सागवानी पाळण्यात, मऊ गादीवर, टोपडं घालून, वरवंटा.